अंडपेशीला जागवणारा घटक

सागरी अर्चिनच्या पारदर्शक अंड्यात शुक्राणूचे व अंडपेशीचे केंद्रक एकत्र येत असल्याचे ऑस्कर हर्टविग याने १८७६ मध्ये दाखवून दिले. परंतु तोवर निष्क्रिय असलेली अंडपेशी नेमकी त्याच वेळी विभाजनास का प्रवृत्त होते, म्हणजेच तिचे ‘सक्रियण’ कशाने घडते, हा प्रश्न त्यातून सुटला नाही.

अमेरिकेतील वुड्स होल येथे जाक लोएब याने १८९९ मध्ये सागरी अर्चिनची अफलित अंडी मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेल्या समुद्रजलात सुमारे दोन तास ठेवून पुन्हा साध्या समुद्रजलात सोडली, तेव्हा शुक्राणूचा स्पर्शही न होता त्यांतून पोहणारे डिंभ, म्हणजे प्राण्याच्या बाल्यावस्था, तयार झाले. कृत्रिम जीवनिर्मिती म्हणून या प्रयोगाचा बराच गाजावाजा झाला, पण त्याचे खरे मोल वेगळे होते: विकासाची सिद्धता अंडपेशीत आधीच असते आणि शुक्राणू ती केवळ चालू करतो.

कशाने, याचा धागा कॅल्शियमने दिला. फलनानंतर अंड्यातील बद्ध कॅल्शियम मोकळे होते, असे डॅनियल मेझिया याने १९३७ मध्ये नोंदवले. पुढे लायोनेल जॅफी व सहकाऱ्यांनी कॅल्शियमच्या सान्निध्यात प्रकाशणारे जेलीफिशमधील एक्वोरिन हे प्रथिन मेडाका माशाच्या अंड्यात टोचले, तेव्हा शुक्राणूच्या प्रवेशस्थानापासून दुसऱ्या टोकाकडे सरकणारी प्रकाशलाट प्रत्यक्ष टिपता आली. सस्तन प्राण्यांत कॅल्शियमच्या अशा लाटा काही तास पुनःपुन्हा उसळतात.

शुक्राणू बाहेरून स्पर्शाने संदेश देतो की आत काही पदार्थ सोडतो, यावर मात्र मतभेद राहिले. १९९२ मध्ये ब्रसेल्समधील वैद्यकांनी शुक्राणू थेट अंडपेशीत टोचून गर्भधारणा घडवल्यावर दुसऱ्या मताचे पारडे जड झाले, कारण या पद्धतीत दोन पेशींच्या पटलांचा नेहमीचा संयोग टळतो. तो पदार्थ ‘ऑसिलिन’ असल्याचा १९९६ मधील दावा टिकला नाही. २००२ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी उंदराच्या शुक्राणूतील फॉस्फोलायपेज सी झेटा हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, ओळखले. ते अंडपेशीतील एका मेदद्रव्याचे विघटन करते, त्यातून निर्माण होणारा रेणू आंतर्द्रव्यजालिकेची, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्याची, द्वारे उघडतो आणि तेथे साठलेले कॅल्शियम बाहेर पडते. तरीही या विकराविना जन्मलेले नर उंदीर पूर्णतः वंध्य नसतात, असे २०१७ मध्ये आढळले: त्यांचे शुक्राणू अंडपेशीत टोचल्यास लाटा उमटत नाहीत, परंतु नैसर्गिक समागमातून त्यांना मोजकी का होईना, पिले होतात.