ब्रेकची धूळ

यंदाच्या उन्हाळ्यात पसरणी घाट उतरताना माझ्या गाडीच्या मागच्या चाकांतून करकर आवाज येऊ लागला. गाडी दहा वर्षांची एसयूव्ही, चारही चाकांना डिस्क ब्रेक. वाईच्या अलीकडे एका गॅरेजात थांबलो. पंचविशीतल्या मेकॅनिकने जॅक लावून चाक उतरवले, कॅलिपर सोडवला आणि घासून पत्र्याला टेकलेले पॅड माझ्या हातावर ठेवले. डिस्कच्या कडेला बोटाला लागेल असा काठ तयार झाला होता. त्याने जाडी मोजली, ती ७.६ मिलिमीटर भरली. डिस्कवरच कोरलेली किमान जाडी होती ८.

"काका, नुसते पॅड टाकून भागायचं नाही. दोन्हीकडच्या डिस्कबी बदलाव्या लागतील."

मी मान डोलावली. त्याने कॉम्प्रेसरचा पाइप ओढला आणि कॅलिपरवर हवा मारायला हात उचलला. माझ्या तोंडून एकदम निघाले, "थांब, हवा मारू नकोस!" तो दचकला. हा लेख म्हणजे त्या 'थांब'चा खुलासा आहे.

वयाच्या सतराव्या वर्षी मी एका गॅरेजात हाताखाली होतो. जीप, ट्रक, फियाट, अँबॅसिडर अशा गाड्या येत. मागच्या चाकाचा ड्रम हातोडीने ठोकून सैल करायचा, ओढून काढायचा आणि आतली राखाडी धूळ हवा मारून उडवायची, हे माझे काम. वस्ताद शेजारी बसून नव्या लायनरला रिव्हेट मारीत आणि कडा कानसीने घासून ते ड्रमला जुळवीत. संध्याकाळी दोघांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. वस्ताद साठी गाठण्याआधीच धाप लागून गेले. बिडीने गेले, असे सगळे म्हणाले. दुसरे काही असेल अशी शंकाही कोणाला आली नाही. मलाही ती फार पुढे, ब्रेकचा इतिहास वाचू लागल्यावर आली.

हा इतिहास बहुधा वेगाच्या अंगाने सांगितला जातो. त्याची सुरुवात मात्र एका मोच्यापाशी होते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, जर्मनीतील मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनरची ही पहिली गोष्ट म्हणून सांगितली जाते. पुढे इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड याने डोंगराळ वाटेवरचे गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे चामडे लावतात, हे पाहिले. १८९७ मध्ये त्याने यापेक्षा टिकाऊ अस्तर करण्याचा उद्योग सुरू केला. त्याच्याच नावातील अक्षरे उलटसुलट करून, बायकोच्या नावाचे एक अक्षर घालून, 'फेरोडो' हे नाव झाले.

ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करणारे यंत्र. दीड-दोन टनांची गाडी घाटात थोपवायची तर ती सारी शक्ती चार चाकांपाशी तापून बाहेर पडते. चामडे जळते, कापूस जळतो. जळत नाही आणि कापसासारखा विणताही येतो, असा एकच स्वस्त पदार्थ त्या काळी हाताशी होता, तो म्हणजे अॅस्बेस्टॉस. १९०८ च्या सुमारास फ्रूडने तो वापरायला घेतला आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या गाड्या त्याच्या भरवशावर थांबल्या.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मार्च १९२४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे नेली कर्शॉ ही ३३ वर्षांची स्त्री वारली. ती अॅस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या कारखान्यात कामाला होती. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासून त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला आणि १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यांसाठी नियम झाले. ते नियम अॅस्बेस्टॉसचा माल तयार करणाऱ्यांसाठी होते. तोच माल गॅरेजात बसून घासणारा, फुंकणारा माणूस त्यांच्या कक्षेत नव्हता. आणि रॉचडेलचा तो कारखाना ज्या उद्योगसमूहाचा होता, त्याच समूहात त्याच दशकात फेरोडोही सामील झाली.

दुसरीकडे डिस्कची कथा पुढे सरकत होती. फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. तांब्याच्या पॅडमुळे ते किंचाळत आणि लवकर झिजत. त्याच वर्षी लुई रेनो याने ड्रम ब्रेक व्यवहारात आणला आणि पुढील अर्धे शतक ड्रमचे झाले. १९५३ मध्ये ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉप डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइपने जिंकली. ड्रमवाल्या गाड्यांचे ब्रेक तापून ढिले पडत, तिथे या गाडीचे शेवटपर्यंत टिकले. १९५५ च्या सित्रोएन डीएसला पुढे डिस्क आल्या. मागे मात्र ड्रमच राहिले.

मागे ड्रम का राहिले, याचे उत्तर सरळ आहे. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो. थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात आणि मागच्यांवर ते कमी पडते. शिवाय ड्रममध्ये हँडब्रेक सहज बसतो आणि खर्चही कमी. आपल्याकडे १९९८ ची टाटा सफारी आणि २००२ ची महिंद्रा स्कॉर्पिओ या दोन्हींना पुढे डिस्क, मागे ड्रम होते. २०११ मध्ये चाकणहून बाहेर पडलेल्या एक्सयूव्ही ५०० ला चारही चाकांना डिस्क मिळाल्या.

या हिशेबात मेकॅनिकची बाजू कुठेच धरलेली नाही. डिस्क उघडी असते, तिची बरीचशी धूळ रस्त्यावर उडून जाते. ड्रम ही बंद पेटी. काही हजार किलोमीटरची धूळ ती साठवते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर ओतते. पुढची चाके सुधारली तरी ही पेटी मागच्या चाकात राहिली, म्हणजेच चाकाशी उकिडव्या बसलेल्या माणसाच्या पुढ्यात राहिली. ब्रेकच्या उष्णतेने अॅस्बेस्टॉसचे बरेचसे तंतू मोडून वेगळे खनिज होते, हे खरे. पण सगळे मोडत नाहीत. नवे लायनर कानसीने घासताना तर ते ताजेच असतात. त्यांचा परिणाम दिसायला वीस ते चाळीस वर्षे लागतात, त्यामुळे दोष बिडीवर जाणे सोपे होते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८६ मध्ये खास मोटार मेकॅनिकांसाठी पुस्तिका काढली. हवा मारू नका, कोरडा ब्रश फिरवू नका, धूळ ओली करून पुसा, असे तीत होते. १९८९ मध्ये त्या देशाने घातलेली व्यापक बंदी १९९१ मध्ये न्यायालयात बहुतांशी उडाली. पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवर आणि गॅरेजात बदलल्या जाणाऱ्या ब्रेकच्या मालावर बंदीचा नियम तिथे यायला २०२४ उजाडले. ब्रिटनने १९९९ मध्येच पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवर बंदी आणली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये, ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर, कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि अॅस्बेस्टॉस उद्योगाने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे ठेवाव्यात, असा आदेश दिला. वस्तादांची नोंद कोणी ठेवायची होती? त्यांच्या नावाचा हजेरीपटच नव्हता.

आज नामांकित पॅडच्या खोक्यावर 'अॅस्बेस्टॉसविरहित' असे छापलेले असते. तरी सुट्या, बिननावाच्या मालात काय असेल ते नजरेने ओळखता येत नाही. आणि धातूची बारीक धूळ फुप्फुसात जाणे तसेही चांगले नाही. २०२४ मध्ये युरोपीय संघाने मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांनी ब्रेकच्या धुळीला प्रथमच मर्यादा घातली. ती मर्यादाही रस्त्यावर उडणाऱ्या धुळीची आहे.

हे सारे त्या पोराला तिथे सांगत बसलो नाही. "वल्या फडक्यानं पूस," एवढेच म्हणालो. त्याने बाटलीतले पाणी शिंपडून कॅलिपर पुसला. नव्या डिस्कवरचे तेल क्लीनरने काढले. मागचा पिस्टन आत ढकलायचा नसतो, हँडब्रेकचा आटा त्याच्यातच असतो म्हणून तो फिरवत आत न्यावा लागतो, हे त्याला नीट माहीत होते. पॅड बसवून त्याने पेडल घट्ट होईपर्यंत दाबले, पहिले काही मैल जोरात ब्रेक मारू नका म्हणून बजावले.

निघताना त्याने विचारले, "काका, तुम्ही पण लाइनीतलेच काय?"

"होतो," मी म्हणालो, आणि वस्तादांचे नाव सांगितले. त्याने ते ऐकलेले नव्हते. ओले फडके त्याने पिळून दाराच्या खिळ्यावर वाळत घातले. वाळल्यावर ते झटकू नकोस, धुऊन टाक, हे सांगायला मी पुन्हा गाडीतून उतरलो.