किल्लारी आणि अनुसूचीतले २९ विषय

आता १९९३ सालाकडे या. २४ एप्रिलला ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, पंचायतींना घटनेचा आधार मिळाला. अकराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी २९ विषय आहेत. भूकंप-महापुराची पूर्वतयारी त्यात नाही! पाचच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारी हादरली. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. माणसं झोपेतच गाडली गेली. सुमारे आठ हजार.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. पण मला महत्त्वाची वाटते ती दुरुस्तीच्या गावांतली गोष्ट. तिथे गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या, घरोघरी जाऊन भिंत कशी मजबूत करायची ते त्या सांगू लागल्या. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला यात ज्ञानाचा प्रश्न दिसतो. कोणाची भिंत फुगलीय, कोणती म्हातारी अंथरुणाला खिळलीय, हे जिल्ह्याच्या कचेरीला कसं कळणार?

२००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा बघा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. निवडून आलेला लोकप्रतिनिधी सहअध्यक्ष. कलम ४१ स्थानिक संस्थांवर कामं टाकतं खरं, पण प्राधिकरणाच्या निर्देशांखाली.