आगराचा तळ आणि शहराचा भराव

मीरा-भाईंदरमध्ये रस्ता खचला की दोष दिला जातो तो भरावाला किंवा ठेकेदाराला. दोष तिथे असतोही. पण खचण्याचे मूळ भरावाखालच्या काळ्या गाळात आहे, आणि ज्या गुणावर इथली मिठागरे पिकली तोच गुण आज शहराला नडतो आहे, असे माझे मत आहे. पावसाळा सरला की मिठागरात राबणारे आगरी कोंड्यांतले, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतले, पाणी काढून तळ पायांनी तुडवत, फळीने चोपत. खाडीचे पाणी खाली मुरता कामा नये, ते वर उन्हात आटले पाहिजे, म्हणून हा खटाटोप. तो साधे, कारण या गाळाचे कण इतके बारीक की त्यांच्यामधून पाणी जेमतेम सरकते. अशा मऊ गाळात निम्म्याहून अधिक जागा बहुधा पाण्यानेच व्यापलेली असते. त्यावर भरावाचे ओझे आले की कण काही दाबले जात नाहीत. ओझे आधी पाणी पेलते, मग हे पाणी हळूहळू बाहेर पडते, आणि जितके पाणी जाईल तितकी जमीन बसते. कार्ल टेर्झागी यांनी 1925 साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे गणितात मांडले. थराची जाडी दुप्पट झाली, तर बसायला लागणारा वेळ चौपट.

पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली जमीन आधीच घट्ट झाली असेल, असे कोणी म्हणेल. पण पायाचा आणि फळीचा जोर वीतभर खोल पोचतो. त्याखाली कित्येक मीटर गाळ ओलाच राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठ्या इमारती तर खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर उभ्या असतात. खरे आहे, आणि म्हणूनच इमारत जागेवर राहते नि भोवतालचे आवार बसते. जिन्याची पहिली पायरी अंगणापासून सुटते, गटाराचा उतार बिघडतो, पाइपाचा सांधा निखळतो. शिवाय बसणारा गाळ खांबांना खाली ओढतो, तो भारही हिशेबात धरावा लागतो. आता काळाचा हिशेब: इथली नगरपरिषद 1985 ची, महानगरपालिका 2002 ची. मधली 17 वर्षे शहराला वाढायला पुरली, पण दहा मीटर गाळाला बसायला त्याहून जास्त लागू शकतात. वाळूचे उभे निचरे घालून आणि भराव काही काळ नुसता ठेवून ही मुदत खूप कमी करता येते, मात्र हे काम बांधकामाआधीच करायला हवे.