लघुप्रतिकृतींवरील प्रायमर फवारणी

प्रायमर फवारणी म्हणजे लघुप्रतिकृती रंगवण्यापूर्वी तिच्या पृष्ठभागावर स्प्रे कॅनच्या साहाय्याने प्रायमरचा पातळ व एकसारखा थर देण्याची क्रिया होय. युद्धखेळांतील सैनिकांच्या मूर्ती, विमाने, रणगाडे व जहाजे यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती, तसेच रेल्वे प्रतिकृतींमधील इमारती व डबे यांच्या रंगकामात ही पहिली पायरी मानली जाते. प्रायमरमुळे पुढील रंग पृष्ठभागाला घट्ट धरून राहतात आणि निरनिराळ्या पदार्थांचे भाग एकाच रंगाचे दिसू लागतात. फवारणीला लागणारा वेळ अल्प असतो. परंतु तीत राहिलेला दोष पुढील प्रत्येक थरातून दिसत राहतो व तो काढण्यासाठी बहुधा सर्व रंग उतरवावा लागतो. फवारणीचा परिणाम करणाऱ्याच्या कौशल्याइतकाच, किंबहुना अधिक, त्या वेळच्या तापमानावर व आर्द्रतेवर अवलंबून असतो.

## उद्देश

लघुप्रतिकृती प्रामुख्याने पॉलिस्टायरीन प्लास्टिक, रेझीन किंवा कथिलयुक्त मिश्रधातूच्या बनवल्या जातात. हे पदार्थ गुळगुळीत असून पाणी शोषत नाहीत. त्यामुळे पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग त्यांच्यावर थेट लावल्यास तो थेंबाथेंबाने गोळा होतो आणि वाळल्यावर नखाने किंवा हाताळणीने सहज निघतो. प्रायमरमधील बंधक द्रव्य मूळ पृष्ठभागाला चिकटते, तर त्याचा किंचित खरखरीत, चमकविरहित वरचा भाग पुढील रंगाला धरून ठेवतो.

प्रायमर व साधा रंग यांत हाच मुख्य फरक आहे. साध्या रंगाची रचना रंगछटा व झाकण्याची क्षमता डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. प्रायमरची रचना दोन्ही बाजूंना धरून ठेवण्यासाठी केलेली असते. म्हणून काळ्या किंवा पांढऱ्या रंगाचा कोणताही स्प्रे कॅन प्रायमरचे काम करीलच असे नाही.

राखाडी प्रायमरचा आणखी एक उपयोग तपासणीसाठी होतो. अर्धपारदर्शक रेझीनवर किंवा चकाकणाऱ्या धातूवर न दिसणाऱ्या साच्याच्या रेघा, हवेच्या बुडबुड्यांची छिद्रे आणि सांध्यांमधील फटी एकसारख्या राखाडी थराखाली स्पष्ट दिसतात. त्या भरून, घासून पुन्हा एक हलका हात दिला जातो.

रंगापूर्वी अस्तर देण्याची ही कल्पना इतर कलांमध्येही आढळते. महाराष्ट्रात शाडू मातीच्या किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती रंगवण्यापूर्वी त्यांना पांढऱ्या रंगाचा हात देतात. मात्र माती व प्लास्टर सच्छिद्र असल्याने तेथे शोषण थांबवणे व वरचे रंग उजळ दिसणे हा प्रमुख हेतू असतो. प्लास्टिक किंवा धातूच्या लघुप्रतिकृतीत प्रश्न उलटा, म्हणजे पृष्ठभाग काहीच शोषत नसल्याचा असतो.

## इतिहास

दाबाखालील द्रव डब्यातून फवारण्याचे तंत्र नॉर्वेजियन अभियंता एरिक रोथाइम यांनी १९२० च्या दशकात विकसित केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या कृषी खात्यातील लायल गुडह्यू व विल्यम सलिव्हन यांनी कीटकनाशकाचा सुटसुटीत फवारा डबा तयार केला; त्याचा वापर डासांपासून सैनिकांचे रक्षण करण्यासाठी झाला. १९४९ मध्ये इलिनॉय राज्यातील सायकॅमोर येथील रंगव्यावसायिक एड सीमोर यांनी डब्यात रंग व प्रणोदक, म्हणजे रंग बाहेर ढकलणारा वायू, एकत्र भरून पहिला स्प्रे पेंट बनवला. तो ॲल्युमिनियमच्या छटेचा होता.

सुरुवातीच्या काळात प्रणोदक म्हणून क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे वापरली जात. ओझोनच्या थराला त्यांच्यापासून होणारी हानी लक्षात आल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांचा वापर जगभर बंद होत गेला. आज त्यांच्या जागी प्रोपेन, ब्युटेन व डायमिथाइल ईथर हे वायू वापरतात. ते ओझोनला घातक नाहीत. मात्र अत्यंत ज्वालाग्राही आहेत.

प्रतिकृती बनवणाऱ्यांनी प्रारंभी वाहनांसाठीचे प्रायमर वापरले. पुढे या छंदासाठीच बारीक रंगद्रव्याचे प्रायमर बाजारात आले. जपानमधील तामिया व जीएसआय क्रिऑस, ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप आणि डेन्मार्कमधील द आर्मी पेंटर या कंपन्यांची उत्पादने विशेष प्रचलित आहेत.

## प्रायमरचे प्रकार

* लॅकर प्रायमर : तीव्र विद्रावकांवर आधारित असून लवकर वाळतो व पृष्ठभागाला घट्ट धरतो. यात बारकाव्यानुसार प्रकार असतात. जीएसआय क्रिऑसच्या मिस्टर सर्फेसर मालिकेतील ५००, १०००, १२०० व १५०० हे क्रमांक पॉलिश पेपरच्या क्रमांकांप्रमाणे वाढत्या बारीकपणाचे निदर्शक आहेत.
* ॲक्रिलिक स्प्रे प्रायमर : युद्धखेळांच्या मूर्तींसाठी सर्वाधिक वापरला जातो. नावात ॲक्रिलिक असले तरी डब्यातील विद्रावक सेंद्रिय असतात. त्यामुळे तो पाण्यावर आधारित आहे असे समजू नये.
* एचिंग प्रायमर : यातील आम्ल धातूचा पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात कोरते. तो धातूसाठीच असून प्लास्टिकसाठी नाही.

लोखंडी फाटकांसाठी वापरला जाणारा रेड ऑक्साइड प्रायमर किंवा भिंतींचा प्रायमर लघुप्रतिकृतींना योग्य नसतो, कारण त्याचा थर जाड बसतो. थराच्या जाडीचे महत्त्व प्रमाणावरून लक्षात येते. १/७२ प्रमाणाच्या विमानावर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर तो खऱ्या विमानावरील ७.२ मिलिमीटर जाडीच्या लेपाएवढा होतो. अशा लेपाखाली पत्र्यांचे सांधे व रिव्हेट बुजून जातात. मूर्तीच्या बाबतीत डोळे, बोटे व कपड्यांच्या चुण्या यांवर हाच परिणाम होतो.

अनोळखी प्रायमर प्रथम, भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या तुकड्यावर फवारून पाहतात. विद्रावक फार तीव्र असल्यास पॉलिस्टायरीन मऊ पडते किंवा त्यावर बारीक तडे दिसतात. देखाव्यासाठी वापरला जाणारा थर्माकोल हाही पॉलिस्टायरीनच असून फेसाळ रचनेमुळे तो फवाऱ्याखाली चटकन विरघळतो. म्हणून थर्माकोलवर आधी गोंद किंवा पाण्यावर आधारित रंगाचा हात देऊन तो पूर्ण झाकणे आवश्यक असते.

## रंगछटेची निवड

काळ्या प्रायमरमुळे खाचांमध्ये आपोआप सावली राहते व कुंचला न पोहोचलेली जागा उठून दिसत नाही. चिलखत व धातूच्या छटांसाठी तो पसंत केला जातो. मात्र त्यावर पिवळा, लाल किंवा पांढरा रंग झाकण्यास अनेक हात द्यावे लागतात. पांढऱ्या प्रायमरवर रंग उजळ दिसतात, परंतु प्रत्येक सुटलेली जागा लक्ष वेधते. राखाडी प्रायमर या दोहोंमधला असल्याने नवशिक्यांसाठी सोयीचा ठरतो. गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट हे पारदर्शक स्वरूपाचे रंग आणले, तेव्हा त्यांच्यासाठी रेथबोन व ग्रे सीअर या फिकट छटांचे स्प्रेही उपलब्ध केले. अशा रंगांत खालचा थर दिसत राहतो, म्हणून प्रायमरची छटा अंतिम रंगाचाच भाग बनते.

झेनिथल पद्धतीत प्रथम संपूर्ण मूर्तीला काळा प्रायमर देतात व नंतर वरच्या दिशेने, तिरक्या कोनातून पांढरा किंवा राखाडी प्रायमर हलकेच फवारतात. झेनिथ म्हणजे खस्वस्तिक, अर्थात डोक्यावरील आकाशबिंदू. तेथून प्रकाश पडल्यास जे भाग उजळतील तेवढेच या पद्धतीत पांढरे होतात आणि छायाप्रकाशाचा आराखडा आधीच तयार होतो.

## पूर्वतयारी

साच्यातून वस्तू सहज सुटावी म्हणून लावलेला तेलकट लेप रेझीनच्या व काही धातूच्या भागांवर राहतो. तो न काढल्यास प्रायमर पापुद्र्यासारखा सुटतो. त्यासाठी भाग कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाने, जुन्या मऊ टूथब्रशने घासून धुतात व पूर्ण वाळू देतात. साच्याच्या रेघा धारदार पात्याने खरवडून काढतात, फटी भरतात आणि घासकामाची धूळ झटकतात. त्यानंतर मूर्ती लाकडी पट्टीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवतात, म्हणजे हात न लावता ती सर्व बाजूंनी फिरवता येते.

## फवारणीची पद्धत

१. कॅन एक ते दोन मिनिटे जोराने हलवतात. तळाशी बसलेले रंगद्रव्य आतील गोळी ढवळून काढते. गोळीचा आवाज येऊ लागल्यानंतरही हलवणे चालू ठेवतात.

२. प्रथम पुठ्ठ्यावर फवारून तुषार एकसारखे येत असल्याची खात्री करतात.

३. कॅन मूर्तीपासून २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर उभा धरतात. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून, मूर्तीवरून एका गतीने नेऊन, पलीकडे गेल्यावर थांबवतात. नोझल दाबताना व सोडताना मोठे थेंब पडतात, ते यामुळे मूर्तीबाहेर राहतात.

४. एकाच जागी फवारा न रोखता छोटे-छोटे झोत देतात व मूर्ती फिरवत राहतात. पहिल्या हातात मूळ रंग थोडा दिसत राहिला तरी चालतो.

५. उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून दुसरा हलका हात देतात. खालची बाजू झाकण्यासाठी मूर्ती आडवी करतात.

६. शेवटी कॅन उलटा धरून केवळ वायू बाहेर येईपर्यंत दोन-तीन सेकंद फवारतात. यामुळे नोझलमधील रंग साफ होतो व तो वाळून तुंबत नाही.

स्पर्शाला कोरडा वाटणारा थर आतून पूर्ण वाळलेला असतोच असे नाही. चिकटपट्टी लावून झाकायचे असल्यास किंवा घासकाम करायचे असल्यास सामान्यतः २४ तास थांबतात.

## हवामानाचा परिणाम

डब्यातील प्रणोदक द्रवरूपात असतो आणि त्याच्या बाष्पाचा दाब तापमानानुसार बदलतो. थंडीत दाब कमी पडून तुषारांऐवजी मोठे थेंब पडतात. सलग फवारणी केली तरीही हेच घडते, कारण द्रवाचे बाष्पीभवन होताना डबा गार पडतो. अशा वेळी डबा काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवतात. त्याला ज्योतीवर किंवा शेगडीजवळ तापवणे अत्यंत धोक्याचे आहे.

अतिउष्ण व कोरड्या हवेत तुषार मूर्तीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अर्धवट वाळतात व वाळूसारखा खरखरीत थर बसतो. दमट हवेत अडचण वेगळी असते. विद्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार होतो; त्याचे तापमान दवबिंदूच्या खाली गेल्यास हवेतील बाष्प ओल्या थरावर जमते आणि तो धुरकट पांढरा दिसतो. साधारणपणे १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान व ६० ते ७० टक्क्यांपेक्षा कमी सापेक्ष आर्द्रता फवारणीस अनुकूल समजली जाते.

महाराष्ट्र व गोव्यातील हवामानात ही मर्यादा वर्षाचा बराच काळ ओलांडली जाते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते, तर विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवसाच्या चक्रात सापेक्ष आर्द्रता पहाटे सर्वाधिक व दुपारी सर्वांत कमी असते. म्हणून किनारपट्टीवर उघडीप असलेली दुपार, तर विदर्भातील उन्हाळ्यात सकाळची वेळ तुलनेने योग्य ठरते. पावसाळ्यात कॅन व मूर्ती कोरड्या खोलीत ठेवून केवळ फवारणीपुरते बाहेर आणणे व थर कोरडा वाटू लागताच पुन्हा आत नेणे हा उपाय करता येतो. संततधार असताना मात्र फवारणी पुढे ढकलणे किंवा कुंचल्याचा पर्याय स्वीकारणे श्रेयस्कर असते.

## सामान्य दोष व उपाय

* खरखरीत थर : अंतर जास्त किंवा हवा उष्ण असल्याने होतो. थर सौम्य असल्यास पूर्ण वाळल्यावर ताठ केसांच्या कोरड्या ब्रशने झटकून काही अंशी सुधारतो.
* ओघळ व बुजलेले बारकावे : जवळून किंवा एका जागी जास्त फवारल्याने होतात. ओला थर पुसण्याचा प्रयत्न न करता वाळू देतात. ओघळ सपाट भागावर असल्यास घासता येतो.
* धुरकटपणा : ओलाव्यामुळे येतो. कोरड्या दिवशी दिलेला पातळ हात कधीकधी तो झाकतो.
* पापुद्रे सुटणे : तेलकटपणा राहिल्याचे लक्षण असून रंग उतरवून मूर्ती पुन्हा धुणे हाच उपाय आहे.

धातूच्या मूर्तीवरील रंग ॲसिटोनने उतरवता येतो, परंतु त्यात पॉलिस्टायरीन विरघळते. प्लास्टिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल तुलनेने सुरक्षित असते. मात्र लॅकर प्रायमर त्याला सहज दाद देत नाही.

## सुरक्षितता

फवाऱ्यातील बाष्प ज्वालाग्राही व हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचते. फवारणी मोकळ्या हवेत करतात. जवळ देवघरातील दिवा, उदबत्ती, गॅसची शेगडी किंवा ठिणगी पडणारे उपकरण नसावे. धुळीसाठीचा साधा मास्क किंवा एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, परंतु विद्रावकांचे बाष्प अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय बाष्पासाठीची गाळणी व कणगाळणी असलेला श्वसनमास्क लागतो. बाल्कनीत फवारताना वाऱ्याची दिशा व शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे यांचाही विचार करावा लागतो. डबा ५० अंश सेल्सिअसहून अधिक तापू देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो ठेवणे धोक्याचे असते. रिकामा वाटणारा डबाही भोसकू किंवा जाळू नये. स्प्रे पेंटचे डबे प्रवासी विमानात हातातील वा तपासणीत दिलेल्या सामानात नेता येत नाहीत.

## पर्याय

एअरब्रशमध्ये पाण्यावर आधारित प्रायमर वापरता येतो व थराच्या जाडीवर अधिक नियंत्रण राहते. मात्र यंत्राचा खर्च व साफसफाई वाढते. कुंचल्याने लावायचा प्रायमर हवामानावर सर्वांत कमी अवलंबून असून घरात वापरता येतो. त्यात कुंचल्याच्या रेघा राहण्याचा व फुगे येण्याचा संभव असल्याने दोन पातळ हात देतात. मोजक्या मूर्तींसाठी हा पर्याय पुरेसा ठरतो; एकाच वेळी वीस-पंचवीस मूर्तींचे पथक तयार करताना स्प्रे कॅनचा वेग उपयोगी पडतो.

## हेही पहा

* एअरब्रश
* ॲक्रिलिक रंग
* पॉलिस्टायरीन
* माँट्रियल करार
* सापेक्ष आर्द्रता