दवंड्याची टेकडी आणि डग्लस डीसी-८ विमान : एका स्थलनामाचा विचार

पुणें जिल्ह्यांतील मावळ तालुक्यांत, लोणावळ्यानजीक, नागफणीच्या कड्यापाशीं कुरवंडें हें गांव सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेलें आहे. तेथून कोंकणांत उतरणाऱ्या वाटेस ‘कुरवंड्याचा घाट’ म्हणतात. ‘कुरवंडें’ या नपुंसकलिंगी नामाचें सामान्यरूप ‘कुरवंड्या’ असें होऊन त्यास षष्ठीचा प्रत्यय लागतो, हें मराठी वाचकास सांगावयास नको. परंतु मराठी न जाणणाऱ्या एखाद्या लेखकानें ‘कुरवंड्याचा’ हा सबंध शब्दच घाटाचें नांव समजून रोमन लिपींत उतरून घेतला, तर शंभर वर्षांनीं मूळ गांवाचा शोध घेणारास किती सायास पडतील? ही शंका काल्पनिक नव्हे. याच सह्याद्रीच्या रांगेंतील जुन्नरकडील एका टेकडीच्या बाबतींत असा प्रकार घडलेला आहे, आणि त्या टेकडीवर ९४ माणसें मृत्यु पावलीं आहेत.

प्रसंग १९६२ सालचा असून त्याचा संबंध एका विमानाशीं आहे. म्हणून त्या विमानकुलाची थोडी हकीकत प्रथम देणें अवश्य आहे. अमेरिकेंतील डग्लस कंपनीनें बांधलेलें डीसी-८ हें चार जेट एंजिनांचें, लांब पल्ल्याचें प्रवासी विमान. त्याचें पहिलें उड्डाण ३० मे १९५८ रोजीं झालें व पुढील वर्षाच्या सप्टेंबरांत तें प्रवाशांच्या सेवेंत रुजू झालें. एकच मूळ घडण ठेवून एंजिनें, इंधनाची सांठवण व पुढें लांबीहि बदलीत कंपनीनें त्याच्या अनेक शाखा काढिल्या. त्यांपैकीं चाळिसाव्या मालिकेस इंग्लंडांतील रोल्स-रॉइस कंपनीचीं ‘कॉनवे’ एंजिनें होतीं. या शाखेचीं विमानें अवघीं ३२ झालीं. पन्नासाव्या मालिकेस प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचीं एंजिनें आलीं, आणि १९६६ पासून सांगाडा लांबवलेलीं विमानें उडूं लागलीं. १९७२ सालीं बांधणी थांबली, तोंपर्यंत एकंदर ५५६ विमानें तयार झालीं होतीं. आमच्या जुन्या घराण्यांच्या वंशावळींहून ही वंशावळ सुटसुटीत आहे. कारण येथें दत्तकाचे तंटे नाहींत.

इटलीच्या अलितालिया कंपनीकडे चाळिसाव्या मालिकेंतील डीसी-८-४३ जातीचीं विमानें होतीं. त्यांतील एक विमान सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर व बँकॉक हे मुक्काम करीत मुंबईकडे येत होतें. पुढें कराची व तेहरानवरून त्यास रोमला जावयाचें होतें. ६ जुलै संपून ७ जुलै १९६२ लागल्यावर, मध्यरात्रीनंतर सुमारें दहा मिनिटांनीं, मुंबईपासून सुमारें ८४ किलोमीटरांवर जुन्नरकडील डोंगरांत तें आदळलें. विमानांतील सर्व माणसें मरण पावलीं. टक्कर झाली ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० फूट उंचीवर, माथ्याच्या अगदीं लगत होती. किंचित् वरून गेलें असतें तर विमान पार झालें असतें.

चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट आहे. मार्गगणनेंत चूक झाल्यामुळें आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ आलों आहों, असा वैमानिकाचा समज झाला व तो वेळेआधींच खालीं उतरूं लागला. आपलें स्थान पडताळण्याचीं साधनें उपलब्ध असूनहि त्यांचा उपयोग झाला नाहीं, ठरवून दिलेली किमान उंची पाळली गेली नाहीं, आणि मार्गाखालील भूमीचा वैमानिकास परिचय नव्हता, हीं तीन साहाय्यक कारणें नमूद आहेत. आमच्या मतें तिसरें कारण इतिहासाभ्यासकानें विशेष ध्यानांत घ्यावें. पूर्वेकडून येणारास दख्खनचें पठार ओलांडतांना भूमि पश्चिमेकडे चढत जाते, कांठावर तिची उंची सर्वांत अधिक होते आणि मग एकदम कोंकणांत तुटते. जुन्नरच्या पश्चिमेकडील या रांगेंत हरिश्चंद्रगड साडेचार हजार फुटांहून उंच आहे. मुंबईचा विमानतळ मात्र जवळजवळ समुद्रसपाटीस. म्हणजे उतरण्याचा मोह जेथें होतो, तेथेंच डोंगर उभा आहे. उतरणीस लागलेलें असें विमान वेग कमी करूनहि मिनिटास आठ-दहा किलोमीटर कापतें. तेव्हां थोड्या मिनिटांची चूक म्हणजे सबंध एका तालुक्याची चूक होय.

फेब्रुवारी १६६१ मध्यें शाएस्तेखानानें कोंकणावर पाठविलेला कारतलबखान याच कांठावरून कुरवंड्याच्या घाटानें उतरला व उंबरखिंडींत शिवाजीमहाराजांच्या हातीं सांपडला. सर्व सामान टाकून त्यास जीव वांचवावा लागला, ही हकीकत ‘शिवभारता’च्या वाचकांस ठाऊक आहे. दोन प्रसंगांचें साम्य याहून ताणूं नये. खानास शत्रूनें गांठलें, वैमानिकास कोणी गांठलें नव्हतें.

याच विमानकुलाची दुसरी नोंद तुलनेनें सौम्य आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजीं जपान एअर लाइन्सचें डीसी-८-५३ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आंखूड धावपट्टीवर उतरलें व पुढें घसरत गेलें. प्राणहानि झाली नाहीं. असाच घोटाळा १९५३ सालीं एका ब्रिटिश कॉमेट विमानाच्या बाबतींत त्याच जागीं झाला होता.

आतां मूळ प्रश्न. १९६२ च्या इंग्रजी नोंदींत अपघातस्थळ ‘दवंड्याची हिल’ असें आलें आहे. यांतील ‘ची’ हा षष्ठीचा प्रत्यय असून तो ‘टेकडी’ या स्त्रीलिंगी शब्दास अनुसरून आहे. अर्थात् सांगणारानें ‘दवंड्याची टेकडी’ म्हटलें, लिहिणारानें ‘टेकडी’चें भाषांतर केलें व विशेषण तसेंच ठेवलें. ‘दवंडी’ पिटण्याशीं या नांवाचा संबंध जोडण्याचा मोह होईल, परंतु तसें असतें तर रूप ‘दवंडीची’ झालें असतें. ‘ड्या’ हें सामान्यरूप ‘दवंडा’ वा ‘दवंड्या’ या पुल्लिंगी नामाचें, अथवा कुरवंड्याप्रमाणें ‘दवंडें’ या नपुंसकलिंगी नामाचें असूं शकतें. शिवाय रोमन ‘द’ मध्यें ‘ड’हि दडलेला असूं शकतो, हें विसरूं नये.

सीमेच्या तंट्यांचे महजर व इनामपत्रें यांत टेकड्या, ओढे व झाडें नांवानिशीं येतात. जुन्नर प्रांतांतील असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं चतुःसीमेच्या ओळी वाचतांना या तीन रूपांकडे लक्ष ठेवावें, व आढळलेलें रूप ऱ्हस्वदीर्घासह जसेंच्या तसें उतरून घ्यावें.