वजन जास्त असेल तर मेंदूसाठी कोणता व्यायाम चांगला: भरभर चालणं की धाप लागेपर्यंत पळणं?

महिनाभर नेमाने चालायला गेलात, पण वजनकाटा जेमतेम अर्धा किलो खाली आला. 'काही उपयोग नाही' असं म्हणत अनेक जण इथेच व्यायाम सोडतात. पण काट्यावर न दिसणारा एक बदल तोवर सुरू झालेला असू शकतो. तो मेंदूत होत असतो.

मग मेंदूसाठी किती जोर लावायला हवा? संशोधन काय सांगतं, ते पाहूया.

वजनाचा मेंदूशी काय संबंध?

पोटाभोवती चरबी वाढली की शरीरात हलकी पण सततची सूज राहते, रक्तदाब वाढतो आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. याची झळ मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही बसते.

'द लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे चारही त्यात आहेत.

भारतीयांमध्ये मधुमेहासारखे आजार कमी वजनातही दिसतात. त्यामुळे आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा मानतात.

व्यायामाची तीव्रता कशी ओळखायची?

घड्याळ किंवा अ‍ॅप नसलं तरी चालेल. व्यायाम करताना बोलून पाहा.

- हलका: गाणं गुणगुणता येतं. उदा. रमतगमत चालणं.
- मध्यम: बोलता येतं, पण गाता येत नाही. उदा. भरभर चालणं.
- जोरदार: दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. उदा. पळणं, चढावर सायकल चालवणं.

वजन जास्त असलेल्या व्यक्तीला साधा चढ किंवा दोन जिनेही जोरदार व्यायाम ठरू शकतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या वेगाशी तुलना करू नका, स्वतःचा श्वास पाहा.

व्यायामाने मेंदूत काय होतं?

हृदयाचे ठोके वाढले की मेंदूला होणारा रक्तपुरवठाही सुधारतो. बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. ते मेंदूच्या पेशींना टिकायला आणि एकमेकींशी जोडलं जायला मदत करतं. जोरदार व्यायामात स्नायूंमध्ये लॅक्टेट जास्त तयार होतं. ते रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतं आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. जोरदार व्यायामाकडे संशोधकांचं लक्ष जाण्याचं हे एक कारण आहे.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भाग, वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. फक्त स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा तो १.४ टक्क्यांनी आकसला.

वजन जास्त असलेल्यांसाठी जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा २०२२ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात बैठी जीवनशैली असलेल्या सुमारे वीस जणांनी आठ आठवडे सायकलिंग आणि चालण्याचा व्यायाम केला. वजन फारसं उतरलं नाही, पण मेंदूचा इन्सुलिनला मिळणारा मंदावलेला प्रतिसाद सुधारला. अभ्यास लहान असला, तरी वजन न घटताही मेंदूला फायदा होऊ शकतो, हे त्यातून दिसलं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने ६५ ते ८५ वयाच्या लोकांना सहा महिने वेगवेगळ्या तीव्रतेचा व्यायाम दिला. त्यात थांबून-थांबून जोरदार व्यायाम करणारा गट हिप्पोकॅम्पसशी संबंधित चाचण्यांत पुढे राहिला. उलट, नॉर्वेतल्या पाच वर्षांच्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्यांच्या मेंदूचा आकार टिकवण्यात जोरदार व्यायाम सरस ठरला नाही.

थोडक्यात, जोर वाढवल्याने जास्त फायदा होऊ शकतो, पण तशी खात्री नाही. अजिबात व्यायाम न करण्यापेक्षा भरभर चालणं मात्र नक्कीच चांगलं.

सुरुवात कशी करायची?

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम करायला सांगते. पहिल्याच आठवड्यात तिथे पोहोचायची घाई नको.

- रोज १० मिनिटांपासून सुरुवात करा, मग हळूहळू ३० मिनिटांवर जा.
- काही आठवड्यांनी मध्ये-मध्ये एक मिनिट वेग वाढवा, मग दोन मिनिटं हळू चाला.
- गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पोहणं निवडा.
- मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर जोर वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा काही गोळ्या सुरू असतील, तर व्यायामाने साखर अचानक उतरू शकते.
- छातीत दुखलं, चक्कर आली किंवा खूप धाप लागली तर लगेच थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या.

पुढच्या महिन्यात काटा हलला नाही, तरी चालणं सोडू नका. व्यायामाचा सगळाच फायदा किलोत मोजता येत नाही.