दोन विद्यापीठं एक झाली, पण लेक्चर्स कुठे गेली? ॲडलेडमधला वाद समजून घ्या

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला शिकायला जायचा विचार करत असाल, तर आधी नाव नीट वाचा. 1874 सालचं 'युनिव्हर्सिटी ऑफ ॲडलेड' आणि 1991 सालचं 'युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलिया' ही दोन सरकारी विद्यापीठं विलीन झाली आहेत. 2026 पासून तिथे 'ॲडलेड युनिव्हर्सिटी' सुरू झालं आहे. जुन्या नावातला फक्त 'ऑफ' गेला, त्यामुळे गोंधळ व्हायला भरपूर वाव आहे!

प्रशासनाचं म्हणणं काय?

त्यांचा मुद्दा आकाराचा आहे. विद्यापीठ मोठं असेल तर संशोधनाला पैसा मिळतो, जागतिक क्रमवारीत टिकता येतं आणि परदेशी विद्यार्थीही येतात, असं ते सांगतात. 2018 मध्ये याच दोन विद्यापीठांची बोलणी फिसकटली होती. 2023 मध्ये मात्र राज्य सरकार पाठीशी उभं राहिलं. संशोधनासाठी 20 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आणि आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी 10 कोटींचा निधी जाहीर झाला. आकडे मोठे दिसतात, पण हे कायमस्वरूपी निधी आहेत. म्हणजे मूळ रक्कम गुंतवून ठेवायची आणि खर्च फक्त तिच्या उत्पन्नातून करायचा. नोव्हेंबर 2023 मध्ये विलीनीकरणाचा कायदाही झाला.

मग विद्यार्थी का चिडले?

क्रमवारी वाढल्याचा फायदा पदवी हातात पडल्यावर कळणार. वर्गात काय होणार, हा प्रश्न मात्र आजचा आहे. त्याचं उत्तर सप्टेंबर 2024 मध्ये समोर आलं. नव्या विद्यापीठात बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष लेक्चर्सऐवजी ऑनलाइन साहित्य असेल आणि ते विद्यार्थ्यांनी आपल्या सोयीने पाहायचं, अशी ही योजना होती. विद्यार्थी प्रतिनिधी आणि प्राध्यापकांच्या संघटनेने त्यावर टीका केली. फी भरून व्हिडिओच बघायचे असतील तर कॅम्पस कशाला, असा त्यांचा सूर होता.

विद्यापीठाने खुलासा केला की ट्युटोरियल, कार्यशाळा आणि प्रयोगशाळेतलं काम समोरासमोरच होईल. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना ऑनलाइन लेक्चर सोयीचं पडतं, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण लेक्चर संपल्यावर प्राध्यापकांना गाठून शंका विचारायची, शेजारच्याशी ओळख करून घ्यायची, हे व्हिडिओत होत नाही. घर सोडून हजारो किलोमीटरवर गेलेल्या विद्यार्थ्याला ते जास्त जाणवतं.

गंमत म्हणजे, 1991 चं 'युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलिया'सुद्धा विलीनीकरणातूनच जन्मलं होतं. शहरातलं तिसरं सरकारी विद्यापीठ, फ्लिंडर्स, या वेळी बाहेरच राहिलं आहे.